अंगठा आईचा

मी एक जुना पितळी हात आहे. डावा.

मित्रांनो, हात म्हटल्यावर तुम्ही आधी कोपर शोधाल, मग खांदा, मग त्याच्या मागचा माणूस. तसे माझे काही नाही. मी मनगटापाशी सुरू होतो आणि बोटांच्या टोकांशी संपतो. मनगटाखाली एक नळी आहे, तिच्यातून पूर्वी वाफ यायची. आता मी मोंब्राक गावच्या शाळेत शेगडीजवळच्या फळीवर उभा असतो, आणि हिवाळ्यात मुले माझ्यावर आपले ओले लोकरी हातमोजे वाळत घालतात. फक्त डावे. उजवे खुर्चीच्या पाठीवर जातात.

माझी चार बोटे आता जुन्या पैशासारखी काळपट झाली आहेत. अंगठा मात्र लख्ख आहे. दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "याचा अंगठाच का एवढा चमकतो?" नव्या बाई म्हणतात, "पितळ आहे, चमकणारच." हे उत्तर चूक आहे. शाळेच्या शनिवारच्या वाढदिवसासाठी बाईंनी परवा पॉलिशचा एक डबाही आणून ठेवला आहे. म्हणून म्हटले, शनिवार उजाडण्याआधी एकदा सांगून टाकावे.

माझा जन्म खालच्या खोऱ्यातल्या एका ओतशाळेत झाला. तिथे एरवी दारांच्या मुठी आणि नळाच्या तोट्या ओतत. माझी बरीचशी भावंडे मुठी झाली, आणि खरे सांगायचे तर त्यांचे बरे चालले आहे. दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी त्यांच्याशी हात मिळवतो. मला आणि माझ्या जुळ्या भावाला, म्हणजे उजव्याला, मोंब्राकच्या फाब्रेग मालकांनी मुद्दाम घडवून घेतले. नमुना म्हणून त्यांनी आपल्या बायकोचे हात साच्याच्या मातीत दाबले. मालकीणबाईंची डावी करंगळी लहानपणी दारात सापडून जराशी वाकडी झाली होती. ती तशीच माझ्यात उतरली. पुढे पन्नास वर्षे आमच्या प्रत्येक डाव्या हातमोज्याची करंगळी किंचित बाहेर झुकलेली असे. पॅरिसच्या बायकांना वाटायचे, हीच नवी पद्धत. काहीजणी कॉफीचा कप धरताना करंगळी तशी काढायलाही शिकल्या म्हणे.

काम माझे साधे होते. शिवून आलेला हातमोजा चुरगळलेला, पाचही बोटे पाच दिशांना, असा येतो. वाफेने मी तापलेला असे. तो माझ्यावर चढवायचा, एकेक बोट ताणून खाली ओढायचे, फडक्याने दाबायचे आणि काढायचे. इस्त्रीच म्हणा ना. पण मी नुसती इस्त्री नव्हतो. शिवण जरा सरकली असेल, एक टाका जरी सैल असेल, तर तापलेल्या पितळेवर तिथे बरोबर सुरकुती उठते. माझ्यापुढे कोणाचे काही लपत नसे. त्यामुळे शिवणाऱ्या बायकांत मी फारसा लाडका नव्हतो.

मोंब्राकमध्ये हातमोजेच का, असे गावात कोणी विचारत नाही. मासे पाण्यातच का, असे कोण विचारते? पण तुम्ही विचाराल. गावाच्या डोक्यावर चुनखडीचे पठार आहे, उघडेबोडके आणि वाऱ्याचे. वर पाऊस पडला की पाणी दगडात मुरते आणि पार खाली आमच्या दूर्ब नदीत झऱ्यांनी उगवते. त्यामुळे वर गहू धड पिकत नाही. गवत तेवढे येते, आणि गवत आले की मेंढ्या आल्या. मेंढ्यांचे दूध गुहांत जाते, चीज मुरवायला. दूध माणसांनी घ्यायचे ठरल्यावर कोकरांचे काय, ते तुमच्या लक्षात आले असेल. त्यांची कातडी आमच्याकडे खाली येत. हे सांगताना मला अजूनही जड जाते, पण पोट सगळ्यांना असते, गावालाही.

नदीकाठी कातडी कमावत. तुरटी, पीठ आणि अंड्याचा बलक यांच्या लगद्यात ती पायांनी तुडवत, म्हणून तर ती लोण्यासारखी मऊ होत. बलक हौदात गेला की पांढरे उरणार. ते बेकरीवाले घेऊन जात आणि त्यात साखर घोटून भाजत. पांढरीशुभ्र, पोकळ, दातांखाली फुसकन विरणारी ती मिठाई आमच्याकडे बारशाला असते, तशी मयतालाही. पाहुणा आला की पहिल्या दिवशी कौतुकाने खातो. तिसऱ्या दिवशी आपली बॅग भरायला घेतो.

कारखान्यात कातडे कापणारे पुरुष, आणि शिवणाऱ्या बायका आपापल्या घरी, खिडकीशी. मंगळवारी सायकलवरून कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे घरोघर जात आणि सोमवारी शिवून परत येत. गावातल्या कुठल्याही गल्लीतून चाललात तर प्रत्येक खिडकीत एक वाकलेले डोके दिसे आणि आतून कोणीतरी म्हणे, "उजेड अडवू नका हो, पुढे व्हा."

कापणाऱ्यांचे मुख्य होते बास्तीद मास्तर. लठ्ठ, हळू बोलणारे, मिशीला कायम पिठाचा कण चिकटलेला. त्यांना मोजपट्टी लागत नसे. हात मिळवला की माप कळे. "साडेसहा," असे पुटपुटत ते हात सोडत, आणि मग नमस्कार वगैरे. पुढे पुढे गावात माणसे मापानेच ओळखली जाऊ लागली. "काल सव्वासात भेटली होती बाजारात, सांगत होती पावणेसहाला मुलगा झाला." यात कोणाला काही विचित्र वाटत नसे.

मग युद्ध आले. जर्मनांना तांबे-पितळ हवे होते. चौकातला पुतळा गेला, बँडची तुतारी गेली. एका सकाळी दोन शिपाई आमच्या दारात आले तेव्हा माझ्यावर काम करणारी लेओंतीन एकटीच होती. तिने मला नळीवरून उपटले आणि धावत जाऊन मागे नदीकाठच्या बलकाच्या हौदात टाकले. उजव्यासाठी परत येईतो ते आत आले होते. त्यांनी हौदात डोकावून पाहिले. त्या पिवळ्या, आंबलेल्या रबडीत हात घालायला कोणीच पुढे झाले नाही. मी वाचलो. माझा भाऊ पोत्यात गेला. दोन दिवस मी त्या बलकात बुडून होतो, आणि आजवर मला कोणी विचारले नाही की मला काय वाटले. मीही सांगत नाही.

युद्धानंतर मालकांनी नवा उजवा आणला, अ‍ॅल्युमिनिअमचा. हलका, लवकर तापणारा, लवकर थंड होणारा आणि सतत आपले वजन किती कमी हे सांगणारा. असो.

आता लेओंतीनची गोष्ट. तीच माझी खरी गोष्ट आहे.

लेओंतीन व्हेझिन्ये माझ्यावर एकोणतीस वर्षे कामाला होती. उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ. तिची थोरली बहीण फिलोमेन शिवणारी. खालच्या गल्लीत तिसरी खिडकी. फिलोमेनच्या नवऱ्याचा दूर्बच्या पुरात अंत झाला तेव्हा तिची मुलगी सोलांज चार वर्षांची होती. त्या खिडकीवर आणि कातडे शिवायच्या तिधारी सुईवर तिने मुलगी वाढवली. लेओंतीनला पहिला टाका तिनेच शिकवला होता. तो काही जमला नाही.

"अगं, हा टाका आहे की लंगड्या बकरीची चाल?" फिलोमेन तेव्हा म्हणाली होती. "तू आपली चढव दुसऱ्यांचे मोजे. तेच बरं."

म्हणून लेओंतीन माझ्याकडे आली. हातमोजा माझ्यावर चढवायचा, शिवण बघायची, बरोबर असेल तर डावीकडच्या पेटीत, चुकला असेल तर परतीच्या टोपलीत. एका गठ्ठ्यातले तीन परत गेले की पुढच्या मंगळवारी त्या खिडकीशी सायकल थांबत नसे. नियम बास्तीद मास्तरांचा होता, पण शिव्या लेओंतीनला बसत. बायका तिच्याशी बाजारात बोलत नसत, नाहीतर फारच गोड बोलत.

एका सोमवारी फिलोमेनच्या गठ्ठ्यातला पहिला हातमोजा माझ्यावर चढला आणि अनामिकेच्या बाजूला सुरकुती उठली. लेओंतीनने तो काढला, परत चढवला. सुरकुती तिथेच. दुसरा चढवला. तिथेही. तिसरा.

बाराची घंटा झाली. आमच्याकडे बारा वाजले की गाव दोन तास जेवते, बॉम्ब पडला तरी जेवते. कारखाना रिकामा झाला, बॉयलर मंद केला, मी कोमट झालो. लेओंतीन गेली नाही. तिने पाव आणि चीजचा तुकडा पुढ्यात ठेवला, खाल्ला नाही. परतीच्या टोपलीतून बहिणीचे तीन हातमोजे उचलले, शिवण उसवली आणि सुई काढली.

तुम्हांला वाटेल, त्यात काय. कापड असते तर काही नव्हते. कातडे एकदा टोचले की भोक राहते. पुन्हा शिवताना सुई त्याच भोकांतून जावी लागते, नाहीतर कातडे फाटते. लेओंतीन बोटांची टोके चावत, नाकावर घाम येईतो शिवत राहिली. टाका तिचाच होता, लंगड्या बकरीचा. पण सुरकुती गेली.

फिलोमेनचे डोळे चालले होते. तिने कोणाला सांगितले नव्हते. लेओंतीननेही तिला विचारले नाही. त्या दिवसापासून दोन वर्षे लेओंतीन सोमवारी जेवली नाही. आधी तीन हातमोजे, मग सहा, मग दहा.

एकदा बास्तीद मास्तर जेवून लवकर परत आले. दारात उभे राहून म्हणाले, "लेओंतीन, जेवण नाही?"

"पोट बिघडलंय."

"दर सोमवारी?"

"रविवारी आमच्याकडे ताई स्वयंपाक करते," लेओंतीन म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. मिशीवरून बोट फिरवत निघून गेले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सोलांजचे लग्न ठरले. मुलगा वर पठारावरचा, मार्सियाल नावाचा, चीजच्या गुहांत काम करणारा. हात मिळवल्यावर मास्तर म्हणाले, "साडेदहा. याला हातमोजा नको, पोतं शिवा." गाव आठवडाभर हसले.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. नवरीचे पांढरे हातमोजे विकत घेत नाहीत. गल्लीतल्या आठ बायका एकेक बोट शिवतात, आणि दोन्ही अंगठे आई शिवते. आठ बोटे गल्लीची, दोन अंगठे आईचे. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात कापणाऱ्यांचा मुख्य नवरीचे दोन्ही हात हातात घेतो, अंगठ्याच्या शिवणीवरून आपला अंगठा फिरवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणतो, "माप अमुक. अंगठा आईचा." मग घंटा वाजते. आई वारलेली असेल तर मावशी शिवते, आत्या शिवते, आणि मास्तर तसे सांगतो. खोटे सांगत नाही. एकदा, फार पूर्वी, एका श्रीमंत घरच्या आईने पैसे देऊन अंगठे शिवून घेतले. तेव्हाच्या मास्तरांनी शिवण चाचपली, माप सांगितले आणि पुढे गप्प राहिले. बस, एवढेच. ती बाई पुढे चाळीस वर्षे जगली, आणि चाळीस वर्षे तिचा उल्लेख गावात 'जिचा अंगठा बोलला नाही ती' असाच झाला.

लग्न शनिवारी. शुक्रवारी सकाळी हातमोजे माझ्याकडे आले.

आठही बोटे सुरेख बसली. मग अंगठा. तो बसेना. लेओंतीनने ओढला, फिरवला. कातडे पिळले गेले, अंगठा मागे वळून पाहिल्यासारखा दिसू लागला. तिने उजवा त्या अ‍ॅल्युमिनिअमवाल्यावर चढवला. त्याचाही अंगठा तसाच, पाठमोरा. फिलोमेनने उजव्याचा अंगठा डाव्याला लावला होता आणि डाव्याचा उजव्याला. टाके मात्र असे की बघत राहावे. मुंगीच्या पावलांसारखे. सगळा जीव ओतून तिने चुकीचा तुकडा शिवला होता.

लेओंतीन स्टुलावर बसली. मी तिच्याकडे पाहत होतो. ती उसवून शिवू शकत होती. हात बसला होता तिचा. पण उद्या चर्चच्या दारात मास्तरांचा अंगठा त्या शिवणीवरून फिरणार होता. लंगडी बकरी त्यांना कळणार, आणि ते माप सांगून गप्प राहणार. आणि तसेच पाठवावे, तर सोलांजच्या हातात ते जाणार नाहीत, सारे गाव बघेल, आणि मंगळवारी फिलोमेनच्या खिडकीशी सायकल थांबणार नाही.

बारा वाजले. सगळे गेले. लेओंतीन एप्रनला हात पुसत धावत बाहेर गेली आणि पाव तासाने फिलोमेनला घेऊन आली. मी फिलोमेनला पहिल्यांदाच पाहत होतो. इतकी वर्षे तिचे टाके ओळखत होतो, ती अशी बुटकी, गोल, गालांवर लाली असलेली असेल असे वाटले नव्हते. ती दाराच्या चौकटीला हात लावून आत आली.

"एवढी ओढत कशाला आणलीस? चुलीवर सोलांजच्या लग्नाचं बदक आहे."

"बदक राहू दे. ताई, अंगठे उलटे लागलेत."

फिलोमेन म्हणाली, "अंगठ्यांचे तुकडे मांडीवर ठेवले होते. उजवा उजव्या मांडीवर, डावा डाव्या. तेवढ्यात ती शेजारची जेर्मेन आली मिठाईचं ताट घेऊन. ते घ्यायला उठले."

"आणि बघितलं नाहीस?"

"बघितलं ना. पांढऱ्यावर पांढरं बघितलं." फिलोमेनने हात पुढे केला. "दे. घरी नेते, उसवते."

"नेतेस, आणि?"

"आणि शिवते. तुझं काय म्हणणं आहे?"

लेओंतीन म्हणाली, "माझं म्हणणं काही नाही. गेली दोन वर्षं मी काही म्हणते आहे का?"

मित्रांनो, मला वाटले आता रडारड होणार. फिलोमेन उलट हसली. पोट धरून हसली.

"लेओ, अगं चांगले डोळे होते तेव्हा माझे वर्षाला चार-पाच परत यायचे. आता दिसत नाही आणि दोन वर्षांत एकही परत नाही. मी आंधळी होतेय, वेडी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू उपाशी राहतेस हे ठाऊक होतं. बोलले असते तर मला मंगळवारी सायकल नको म्हणावं लागलं असतं." तिने चाचपत स्टूल शोधले आणि त्यावर बसली. "सोलांजचं लग्न होईतो लाज गिळायची असं ठरवलं होतं. बघ, एक दिवस कमी पडला."

लेओंतीनच्या हाताला काय करावे ते सुचत नव्हते, म्हणून ती बॉयलरची चावी पुसत बसली. फिलोमेनने पुढे वाकून हात फिरवला आणि तिची बोटे माझ्यावर पडली. मी कोमट होतो.

"हाच का तो, ज्यानं माझे मोजे परत धाडले?" ती म्हणाली. मग माझ्या अंगठ्यावर तिचे बोट थांबले. मुळापासून टोकापर्यंत फिरले, परत आले. "अगं, याचा अंगठा किती सरळ बोलतो. इथे घडी, इथे उतार. यावर चढवूनच शिवता येईल की."

"यावर? हा इस्त्रीचा हात आहे ताई."

"आहे ना? मग माझाही होऊ दे थोडा वेळ. भोकं माझी मला सापडतात, नखानं. तुकडा कुठे वळवायचा ते कळत नाही, ते हा सांगेल. वाफ बंद कर, आणि तू जेव. मी शिवेतो तू जेवायचंस, मला चावल्याचा आवाज आला पाहिजे."

मग लेओंतीनने उसवले आणि फिलोमेनने शिवले, माझ्यावर. आजवर माझ्यावर कोणी शिवले नव्हते. माझे काम चूक दाखवण्याचे होते, तयार करण्याचे नाही. तिचे डोळे छताकडे होते. डाव्या हाताचे नख शिवणीच्या कडेने चालत होते, जुने भोक सापडले की थांबत होते, आणि सुई तिथे येत होती. सुईचे टोक पितळेला लागले की टिक असा बारीक आवाज व्हायचा. त्या आवाजावरून तिला कळायचे, कातडे नेमके कुठे टेकले आहे. एकेका टाक्याला एक टिक. दुपारभर मी बोललो, मित्रांनो. पहिल्यांदाच. लेओंतीन पाव चावत होती आणि डोळे पुसत होती, दोन्हीचे आवाज मिसळून जात होते.

डावा झाला. मग उजवा त्या अ‍ॅल्युमिनिअमवाल्यावर. तो त्या दिवशी वजनाबद्दल एक शब्द बोलला नाही.

दोन वाजता मास्तर दारात उभे होते. किती वेळचे, कोणास ठाऊक. फिलोमेन दोरा तोडत होती.

"कोण आहे?" तिने विचारले.

"साडेसहा," मास्तर म्हणाले. तिचे माप सांगितले, म्हणजे ओळख दिली आणि नमस्कारही केला. मग ते आपल्या टेबलाकडे गेले.

शनिवारी मी चर्चला नव्हतो. हात एकटे कुठे जात नाहीत. पण घंटेआधी जे घडले ते गावाने मला इतक्यांदा ऐकवले की मी तिथेच होतो असे वाटते. मास्तरांनी सोलांजचे हात हातात घेतले. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. गल्लीच्या आठ बायकांनी माना पुढे केल्या. फिलोमेन पहिल्या ओळीत, नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत उभी होती. लेओंतीन तिचा दंड घट्ट धरून.

"माप पावणेसहा," मास्तर म्हणाले. थांबले. "अंगठा आईचा. आणि हे मी डोळे मिटून सांगतो."

घंटा वाजली.

सोमवारी मास्तरांनी माझ्याशेजारी एक खुर्ची आणून ठेवली. लेओंतीनला म्हणाले, "दोन वर्षं बकरीचे टाके बघतोय. पॅरिसहून तक्रार आली नाही, म्हणून मीही केली नाही. पण अंगठ्यांना बकरी नको. तुझ्या बहिणीला सांग, खिडकी सोड आणि इथे ये. सगळ्यांचे अंगठे तिने शिवायचे. आणि सोमवारी जेवत जा, दुपारी तुझे हात थरथरतात."

फिलोमेन पुढे सात वर्षे रोज माझ्यावर अंगठे शिवत होती. शेवटी तिला उजेड आणि अंधार एवढेच कळे. तेवढ्या वर्षांत मोंब्राकचा एकही अंगठा परत गेला नाही. दोघी बहिणी दिवसभर भांडत. बदक कसे शिजवावे यावर, पुरात कोण घाबरले होते यावर, मार्सियालच्या हातांवर. मला वाटते, तो काळ माझा सगळ्यांत चांगला होता. आणि रोज, शिवण्याआधी, फिलोमेन माझ्या अंगठ्यावरून बोट फिरवी, मुळापासून टोकापर्यंत, वाट विचारल्यासारखी.

मग मोटारींत हीटर आले. बायका उघड्या हातांनी हिंडू लागल्या. नव्या मुलींना करंगळी बाहेर काढलेली आवडेना. कारखान्यातली माणसे कमी झाली, मग दिवे कमी झाले, मग कुलूप लागले. कातडी कमावायचे हौद रिकामे झाले, आणि बेकरीवाल्यांना पांढरे विकत घ्यावे लागू लागले, हे त्यांना आजही पटलेले नाही. पठारावर मेंढ्या आहेत, गुहांत चीज आहे, मधला आमचा भाग तेवढा गळून पडला. भंगारवाला मला पोत्यात घालत होता तेव्हा सोलांज आली. ती तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. तिने मला पोत्यातून काढले, शालीत गुंडाळले आणि इथे शेगडीपाशी आणून ठेवले. अ‍ॅल्युमिनिअमवाला पोत्यातच गेला. त्याची मला आठवण येते, हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केले नसते.

सोलांज आता म्हातारी झाली आहे. वर्षातून एकदा, आपल्या लग्नाच्या वाढदिवशी, ती शाळेत येते, पिशवीतून पांढरा डावा हातमोजा काढते आणि माझ्यावर चढवते. कातडे पिवळसर झाले आहे. अंगठा अजून नीट बसतो. ती थोडा वेळ मला हातात धरून बसते, आणि मग मुलांसाठी आणलेली ती पांढरी मिठाई वाटते, जी मुले संकोचाने घेतात आणि हळूच एकमेकांच्या खिशात टाकतात.

तर मित्रांनो, माझे मागणे फार नाही. हातात घालाल ते एकदा उलटे करून आतली शिवण बघा. तिथे कोणाची तरी दुपार असते. आणि बाईंना सांगा, शनिवारी फडका घेऊन आलात तर माझ्यावरची धूळ खुशाल पुसा, पण त्या डब्याचे झाकण उघडू नका. तेवढ्याने चार बोटेही चमकतील, मी नव्यासारखा दिसेन, आणि मग कोणालाच कळणार नाही की त्यांतल्या एकावरून कोणीतरी रोज बोट फिरवत होते.